जग्वार सिक्लिडच्या जोडीसाठी टाकीचे माप कसे ठरवावे

मोठ्या, आक्रमक सिक्लिड माशांची जोडी पाळायचे मनात आले की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो लिटरचा: अमुक जातीला किती लिटरची टाकी पुरते? प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याच्या उत्तराने मादीचा जीव वाचत नाही. जोडीसाठी टाकी घेताना आधी अंतर मोजावे लागते. नर अंगावर धावून येईल त्या दिवशी मादीला त्याच्यापासून किती लांब जाता येईल, आणि लांब गेल्यावर त्याच्या नजरेआड होता येईल की नाही, हे पाहावे लागते. या लेखातील सगळी मापे त्या एका दिवसासाठी आहेत. एरवीचे दिवस चार फुटी टाकीतही शांततेत जातात, आणि त्या शांततेवर विसंबूनच माणूस फसतो.

उदाहरण म्हणून मी येथे जग्वार सिक्लिड घेतला आहे. मध्य अमेरिकेत होंडुरासपासून कोस्टा रिकापर्यंतच्या नद्या-सरोवरांत राहणारा हा शिकारी मासा आहे. निकाराग्वातील मानाग्वा सरोवरावरून त्याला ‘मानाग्वेन्सिस’ हे शास्त्रीय नाव मिळाले आणि १८६७ मध्ये ग्युंथर या प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या दुकानांत तो दोन इंचांचा असताना मिळतो. तेव्हा तो अगदी साधा, गरीब दिसतो आणि ‘मासा टाकीप्रमाणे वाढतो’ असे सांगून दोन फुटी टाकीसाठीही विकला जातो. हे सांगणे चुकीचे आहे. लहान टाकीत मासा टाकीच्या मापात बसत नाही, तो खुंटतो, त्याचा कणा आणि अवयव बिघडतात आणि तो लवकर मरतो. नीट वाढलेला नर टाकीत ३५ ते ४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ हातभर होतो. मादी २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे वितीपेक्षा थोडी मोठी राहते. नर-मादीच्या आकारातील हा फरक लक्षात ठेवावा, कारण मादीचे प्राण घेणारी गोष्टही हीच आहे आणि पुढे आपण तिच्या बचावासाठी वापरणार आहोत तीही हीच.

एकदा जोडी जमली की भांडण संपले, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः या माशांची जोडी जमणे ही कायमची गोष्ट नसते. ती प्रत्येक विणीच्या वेळी नव्याने जमावी लागते. नर विणीसाठी तयार झालेला असतो आणि मादीच्या पोटात अंडी तयार झालेली नसतात, तेव्हा तो तिला साथीदार मानत नाही, घुसखोर मानतो. दुसरी धोक्याची वेळ अंडी किंवा पिल्ले नाहीशी होतात तेव्हा येते, मग ती बुरशीने गेलेली असोत वा आपण काढून घेतलेली असोत. राखण करायला काही उरले नाही की नराची वखवख मादीकडे वळते. तिसरी वेळ पिल्ले काही आठवड्यांची झाल्यावर येते, कारण तोवर नराला पुढची वीण हवी असते आणि मादी अजून रोडावलेलीच असते. सरोवरात या तिन्ही वेळी मादी सरळ निघून जाते. नर आपल्या जागेच्या हद्दीपर्यंत तिचा पाठलाग करतो आणि तिथून माघारी फिरतो. त्याला तिला मारायचे नसते, घालवायचे असते. टाकीत मात्र ती जाऊ शकत नाही, आणि गेली नाही म्हणजे ती आपल्याला जुमानत नाही, एवढेच नराला कळते. टाकीत मादी मरते ती बहुतेक वेळा अशी, हद्द ओलांडायला जागाच नसल्यामुळे.

माझ्याकडे पूर्वी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी होती. या जोडीने तिच्यात दोनदा यशस्वीपणे अंडी घातली होती, त्यामुळे माप बरोबर आहे असे मी धरून चाललो होतो. दुसऱ्या विणीची पिल्ले पोहू लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी ती नळीने ओढून वेगळ्या टाकीत हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मादी फिल्टरच्या पाइपमागे, काच आणि पाइप यांच्या मधल्या चार बोटांच्या जागेत, तोंड वर करून उभी होती. नाक पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेले, पर अंगाशी मिटलेले, रंग काळवंडलेला. शेपटीच्या खालच्या अर्ध्या भागात पडदा उरला नव्हता, नुसते काटे दिसत होते. एका कुशीचे खवले सुरीने मासा साफ करावा तसे निघालेले होते आणि ते खाली वाळूवर पडून चमकत होते. नर तिच्यापासून फूटभर अंतरावर कल्ल्यांची झाकणे फुगवून स्थिर उभा होता. तो त्या क्षणी चावतही नव्हता; तिने तोल सावरायला छातीजवळचा पर हलवला की तो पुढे सरकायचा आणि ती पुन्हा निश्चल व्हायची. मी तिला लगेच वेगळे केले, मीठ घातले, पाणी बदलले. ती त्या रात्री गेली. चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर, आणि तो नर ३६ सेंटिमीटरचा होता. टाकीच्या कोणत्याही कोपऱ्यात ती गेली तरी त्याच्या शरीराच्या तीन-साडेतीन लांबींच्या आतच राहत होती. हा हिशेब मी टाकी घेण्यापूर्वी करायला हवा होता.

तो हिशेब असा करावा. घरातील मोकळ्या फरशीवर खडूने टाकीचा तळ आखावा, जुन्या पुठ्ठ्याचा ३८ सेंटिमीटर लांबीचा एक आणि २७ सेंटिमीटर लांबीचा दुसरा असे दोन मासे कापावेत आणि ते त्या चौकटीत ठेवून पाहावेत. चार फुटी चौकटीत मोठा पुठ्ठा एका टोकाला आणि लहान पुठ्ठा दुसऱ्या टोकाला ठेवला तर दोघांच्या मध्ये ५७ सेंटिमीटर उरतात, म्हणजे नराच्या दीड लांबीएवढी जागा. हे अंतर तो शेपटीच्या एका फटक्यात कापतो. सहा फुटी चौकटीत तेच अंतर ११८ सेंटिमीटर, म्हणजे तीन लांबींहून अधिक होते आणि आठ फुटीत १७९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच लांबी. माझ्या मते या जातीच्या जोडीसाठी सहा फूट लांबी ही खालची मर्यादा आहे, आणि तीही पुढे सांगितलेल्या जाळीच्या पडद्यासह. पडदा न लावता जोडी कायम एकत्र ठेवायची असेल तर आठ फुटांपेक्षा कमी लांबीचा विचार करू नये, आणि आठ फुटांतही कोणत्याही जोडीची हमी देता येत नाही.

लांबीनंतर रुंदी येते, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. टाकी भिंतीला टेकवून ठेवायची असल्यामुळे रुंदी कमी असली की खोलीत जागा वाचते, म्हणून लोक सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकी घेतात. दीड फूट म्हणजे ४६ सेंटिमीटर. त्यात हातभर लांबीचा नर वळला की जवळजवळ काचेपासून काचेपर्यंतची वाट अडते आणि मादीला त्याच्या बाजूने निसटता येत नाही. दोन फूट रुंदीत ती त्याच्या मागून जाऊ शकते. अडीच फुटांत तिला तळावरच्या दगडांच्या मागून स्वतंत्र वाट मिळते. चौकटीतील पुठ्ठ्याचा मोठा मासा आडवा फिरवून पाहिला की हे ताबडतोब कळते.

उंचीबाबत मात्र उलट आहे. ही जात तळाशी, दगडाधोंड्यांच्या आसपास वावरते, त्यामुळे दोन फुटांवर उंची वाढवून जोडीला काहीच मिळत नाही आणि खर्च व धोका दोन्ही वाढतात. पुढच्या काचेवरचा पाण्याचा एकूण दाब उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहा फूट लांब व दोन फूट उंच काचेवर पाणी सुमारे ३४० किलो वजनाइतका जोर लावते, तर उंची अडीच फूट केल्यास तोच जोर ५३० किलोपर्यंत जातो. रुंदी वाढवल्याने पुढच्या काचेवरचा जोर अजिबात वाढत नाही. त्यामुळे हातात असलेले जास्तीचे पैसे अर्धा फूट उंचीवर न घालता अर्धा फूट रुंदीवर घालावेत. शिवाय दोन फुटांपेक्षा खोल टाकीत तळापर्यंत हात पोचत नाही, आणि चिडलेल्या नराच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून उभे राहणे कोणालाच सुखावह नसते.

आता एक अशी गोष्ट सांगतो, जिला एक पैसाही लागत नाही आणि जिच्यामुळे तीच टाकी मादीसाठी दुप्पट मोठी होते. अंडी घालण्याची जागा टाकीच्या मधोमध नसावी, एका टोकाला असावी. नर घरट्यापासून चहूबाजूंना तीन फुटांपर्यंतची जागा आपली समजतो असे धरले, तर सहा फुटी टाकीच्या मध्यावर घरटे असल्यास सगळी टाकी त्याच्या हद्दीत येते आणि मादीसाठी बाहेर असे काही उरतच नाही. तेच घरटे डाव्या टोकाला असेल तर उजवीकडचे तीन फूट हद्दीबाहेर राहतात. मासे जागा स्वतःच निवडतात हे खरे, पण आपण त्यांची निवड वळवू शकतो. एका टोकाला शहाबादी फरशीचा फूट-सव्वा फुटाचा तुकडा भिंतीसारखा तिरका टेकवून ठेवावा, त्या बाजूला उजेड कमी ठेवावा आणि पाण्याचा प्रवाहही मंद ठेवावा. दुसऱ्या टोकाला सपाट दगड अजिबात ठेवू नये आणि पंपाचे तोंड तिकडे वळवावे. शहाबादी हा चुनखडीचा दगड असल्यामुळे पाणी थोडे जड होते, आणि मध्य अमेरिकेतील या माशांना तसे पाणी मानवते. धरणाचे मऊ पाणी मिळणाऱ्या शहरांत तर त्याचा उपयोगच होतो.

मादीसाठी लपण्याची जागा कशी असावी यालाही माप आहे. बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या गुहा आणि किल्ले येथे घातक ठरतात, कारण त्यांना बहुधा एकच तोंड असते. नर त्या तोंडाशी उभा राहिला की आत गेलेली मादी कोंडली जाते. त्याऐवजी सांडपाण्यासाठी वापरतात तसा जाड पीव्हीसी पाइप घ्यावा, दोन्ही टोके उघडी ठेवावीत आणि लांबी दीड फूट ठेवावी. ११० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये २५ सेंटिमीटर लांबीची मादी सहज शिरते, परंतु ३८ सेंटिमीटर नराचे अंग पाठीपासून पोटापर्यंत सुमारे १४ सेंटिमीटर असल्यामुळे त्याला डोक्यापलीकडे आत जाता येत नाही. आपल्या माशांची अंगाची उंची जाळीत धरून किंवा काचेवर बाहेरून पट्टी लावून आधी मोजावी आणि मगच पाइपचा व्यास ठरवावा, कारण अंड्यांनी भरलेली मादी एरवीपेक्षा जाड असते. असे दोन पाइप दोन ठिकाणी ठेवावेत आणि त्यांपैकी एक पृष्ठभागाजवळ तरंगता बांधावा. मार खाल्लेला मासा वर जातो, खाली जात नाही.

यापुढचा मुद्दा जाळीच्या पडद्याचा आहे आणि टाकीचे माप खरे तर त्याच्यावरूनच ठरते. चौकटी-चौकटीची जाड प्लास्टिकची जाळी टाकीच्या रुंदीत आडवी उभी केली की टाकीचे दोन भाग होतात, पाणी खेळते राहते आणि मासे एकमेकांना पाहू शकतात. हा पडदा तात्पुरता आहे असे सगळे धरून चालतात, आणि म्हणून त्याच्यासाठी माप वेगळे काढत नाहीत. प्रत्यक्षात मादीला पडद्याआड एका वेळी तीन-चार आठवडे काढावे लागतात, वर्षातून असे अनेकदा होते, आणि काही जोड्यांच्या बाबतीत पडदा कधीच काढता येत नाही. म्हणून मादीकडचा भाग हा तिचे घर मानून मोजावा. २७ सेंटिमीटर मादीला कायम राहण्यासाठी किमान अडीच फूट लांबी आणि दोन फूट रुंदी हवी. नराला उरलेले साडेतीन फूट मिळतात. या बेरजेतून सहा फूट हे माप येते. पाच फुटी टाकीत हीच वाटणी केली तर एकाला तरी जन्मभर अडगळीत राहावे लागते, म्हणून पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशा ५६६ लिटरच्या टाकीचा आग्रह कोणी धरला तरी मी या जातीसाठी तो मानत नाही.

पडद्याला खालच्या कोपऱ्यात एक भोक पाडता येते, आणि येथे आकारातील फरक कामी येतो. भोक मादीच्या अंगाच्या उंचीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर मोठे आणि नराच्या अंगापेक्षा स्पष्टपणे लहान ठेवावे. मादी तयार असेल तेव्हा ती स्वतः नराकडे जाते आणि तो अंगावर आला की परत आपल्या बाजूला येते. निर्णय तिच्या हाती राहतो. भोकाच्या कडा मेणबत्तीच्या आचेवर वितळवून गोल कराव्यात, कारण घाईने निसटताना तिची कातडी त्यांवर फाटते. नर-मादी जवळजवळ सारख्या आकाराचे असतील तर भोक पाडूच नये. तेव्हा शहाबादी फरशी मादीच्या बाजूला अगदी जाळीला चिकटवून ठेवावी आणि पाण्याचा हलका प्रवाह नराकडून मादीकडे ठेवावा. मादी फरशीवर अंडी घालते, नर जाळीपलीकडून त्यांचे फलन करतो. सगळी अंडी फळत नाहीत, पण एका विणीत हजाराच्या घरात अंडी घालणाऱ्या जातीत जी फळतात ती पुरेशी असतात.

पडदा नुसता खोचून ठेवला तर नर तो पाडतो. किलोभर वजनाचा मासा रात्री मोकळ्या जागेतून धावून जाळीला धडक देतो तेव्हा चोषकाच्या रबरी टोप्या तग धरत नाहीत. यासाठी टाकी बनवून घेतानाच कारागिराला पुढच्या आणि मागच्या काचेवर आतून दोन-दोन अरुंद काचपट्ट्या सिलिकॉनने चिकटवायला सांगाव्यात, म्हणजे त्यांच्या मधल्या खाचेत जाळी वरून सरकवता येते. एक खाच टोकापासून अडीच फुटांवर आणि दुसरी तीन फुटांवर करून घ्यावी. हे काम टाकी तयार होताना अर्ध्या तासाचे असते. पाणी भरल्यावर ते करता येत नाही. जाळी पाण्याच्या वर आणखी चार इंच यावी, कारण जग्वार उडी मारतो, आणि याच कारणाने टाकीला जड झाकण हवे.

इतर जातींसाठी हीच पद्धत वापरावी, फक्त आकडे बदलतात. झेब्रासारख्या पट्ट्यांचा कन्व्हिक्ट सिक्लिड बोटभर लांबीचा असल्यामुळे त्याच्या जोडीला तीन फूट पुरतात. जॅक डेम्प्सी आणि ग्रीन टेरर यांच्यासाठी चार फूट लांब आणि दीड फूट रुंद हे कमीत कमी, पाच फूट चांगले. ऑस्कर आकाराने मोठा असला तरी स्वभावाने तुलनेने सौम्य असतो आणि त्याच्यात नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे त्याच्या जोडीला सहा फूट लांब व दोन फूट रुंद टाकीत बहुधा पडद्याशिवायही चालते. रेड डेव्हिल आणि ट्रायमॅक यांना जग्वारचेच नियम लावावेत. फ्लॉवरहॉर्न हा मलेशियात तयार झालेला संकर एरवी एकटाच ठेवावा. त्याच्या बऱ्याच नरांत जननक्षमताच नसते, तेव्हा जोडीसाठी मोठा खर्च करण्यापूर्वी त्या नराची पिल्ले कोणी पाहिली आहेत का, हे विचारून घ्यावे. वुल्फ सिक्लिड, ज्याला छंदातील मंडळी डोव्ही म्हणतात, त्याचा नर दोन फुटांच्या घरात जातो. त्याच्या जोडीसाठी दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद जागा देता येत नसेल तर ही जात घरी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मापे ठरली की ती घराला पेलतील का, हे पाहावे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत काठोकाठ ६८० लिटर पाणी मावते, म्हणजे ६८० किलो. १२ मिलिमीटर काचेचे वजन सुमारे १२० किलो, वाळू आणि दगड ६०-७० किलो, वर लोखंडी स्टँड. हे सगळे मिळून नऊशे किलोंच्या आसपास वजन सव्वा चौरस मीटरहूनही कमी जागेवर येते. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी धरलेला वापरभार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो आहे. तो भार संपूर्ण खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे या टाकीने स्लॅब लगेच खचेल असा त्याचा अर्थ होत नाही, परंतु टाकी खोलीच्या मध्यावर ठेवणे चूक आहे. ती तुळईच्या वर किंवा तुळईला लागून, लांब बाजू भिंतीशी ठेवून उभी करावी आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर संरचना अभियंत्याला दाखवून घ्यावी. जुन्या चाळींच्या आणि लाकडी तुळयांच्या घरांत मी ही टाकी ठेवणारच नाही. स्टँड बसवल्यावर पाणसळ लावून दोन्ही दिशांनी समतल पाहावे आणि काचेखाली थर्माकोलचा किंवा फोमचा पातळ थर द्यावा. सहा फुटी टाकी इमारतीच्या लिफ्टमध्ये सहसा मावत नाही. जिन्याचे वळण अरुंद असेल तर कारागिराला घरीच काचा जोडायला बोलवावे आणि सिलिकॉन वाळायला त्याने सांगितलेले दिवस पूर्ण द्यावेत.

लिटरचा प्रश्न खरा महत्त्वाचा ठरतो तो पाण्याच्या शुद्धतेसाठी. मोठे मांसाहारी मासे जितके खातात तितकीच घाण करतात, आणि त्यातून निघणारा अमोनिया जास्त पाण्यात विरळ होतो. फिल्टरने तासाला टाकीतील पाणी सहा वेळा फिरवावे असे धरले तर ६८० लिटरला चार हजार लिटर प्रवाहाचा पंप लागतो, आणि त्यासाठी टाकीखाली तीन फुटी संप, म्हणजे फिल्टर बसवलेली वेगळी खालची टाकी, करून घेणे सर्वांत सोयीचे पडते. आठवड्याला ४० टक्के पाणी बदलायचे म्हणजे २७२ लिटर, म्हणजे वीस लिटरच्या बादल्यांनी जवळजवळ चौदा बादल्या. ज्या घरात नळाला सकाळी तासभरच पाणी येते तिथे हे पाणी साठवायला तीनशे लिटरचे पिंप कुठे ठेवायचे, त्यातील क्लोरीन काढायला औषध किती लागेल, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरवर दिवस काढावे लागले तर काय, यांची उत्तरे टाकी सांगण्यापूर्वी मिळाली पाहिजेत. ती मिळत नसतील तर मोठी टाकी घेऊन पाणी कमी बदलण्यापेक्षा लहान जातीची जोडी पाळणे अधिक योग्य आहे. वीज जाते अशा भागात हवेचा पंप इन्व्हर्टरवर जोडून ठेवावा.

या मोठ्या टाकीशिवाय आणखी दोन टाक्यांची सोय लागते, आणि ती जागाही आधीच मोजावी. जोडी दुकानातून ‘जमलेली’ म्हणून आणण्यापेक्षा सहा ते आठ पिल्ले एकत्र वाढवून त्यांच्यातून जोडी आपोआप जमू देणे केव्हाही चांगले. यासाठी चार फुटी टाकी लागते. जोडी ठरल्यावर उरलेल्यांना नवे घर शोधावे लागते, आणि तीच टाकी पुढे पिल्लांसाठी उपयोगी पडते. २७-२८ अंश तापमानाला अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात आणि आणखी चार-पाच दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. ती सगळीच्या सगळी लवकर काढून घेऊ नयेत. काही पिल्ले आई-बापांजवळ राहिली तर नराला राखणीचे काम राहते आणि मादीला अंग भरून यायला वेळ मिळतो. माझ्याकडून झालेली चूक नेमकी ही होती. जास्तीची पिल्ले तलावात, नदीत किंवा विहिरीत सोडणे हा मात्र मार्ग नाही. आफ्रिकेतील तिलापिया हाही सिक्लिडच आहे; १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि आज आपल्या नद्या-धरणांतून त्याला काढणे कोणाला शक्य नाही. गोव्या-कोकणच्या खाड्यांतला आपला कालुंदर हा मात्र याच कुळातला अस्सल देशी मासा आहे, आणि त्याच्या पाण्यात जग्वारसारखा शिकारी मासा जाऊ नये ही काळजी पाळणाऱ्यानेच घ्यायची आहे.

टाकी भरून, फिल्टर काही आठवडे चालवून पाणी पक्व झाल्यावर, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढल्यावर, मादीला आधी सोडावे, नराला नाही. नर आधी गेला तर सगळी टाकी त्याची होते आणि मागून येणारी मादी पहिल्या क्षणापासून परकी ठरते. तिला निदान दोन आठवडे एकटीला राहू द्यावे, पडदा खाचेत बसवलेला असावा आणि भोक उघडे असावे. खाणे आलटून पालटून दोन्ही बाजूंना टाकावे, म्हणजे तिला ती वाट सवयीची होते. काचेवर टिचकी मारल्यावर ती न अडखळता त्या भोकातून आपल्या बाजूला जाते आणि तरंगत्या पाइपमध्ये शिरते, हे आपल्या डोळ्यांनी दोन-तीनदा पाहावे, आणि त्यानंतरच नराला पाण्यात सोडावे.